पडद्यावरचा शार्क आणि माणसाचा समुद्र

एखादा समाज कशाला भितो हे पाहिले, म्हणजे तो कसा जगतो याचा पुष्कळसा उलगडा होतो. रानाच्या कडेला वसलेल्या गावाला वाघाचे भय असते, नदीकाठच्या गावाला पुराचे, आणि कोरडवाहू मुलखाला कोरड्या आभाळाचे. असे भय सहवासातून जन्मते, म्हणून त्याच्या जोडीला ओळख असते आणि आदरही असतो. सह्याद्रीच्या परिसरात वाघोबाची ठाणी आहेत, नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतो, नागपंचमीला आपल्याकडे नागाचे चित्र पुजले जाते. ज्याच्याशी रोजची गाठ, त्याच्याशी माणूस काही ना काही तह करतोच.

विसाव्या शतकाने मात्र भयाचा एक निराळाच प्रकार जन्माला घातला. ज्यांनी समुद्र आयुष्यात दोन-चार वेळा, तोही चौपाटीवर उभे राहून पाहिला, अशा कोट्यवधी माणसांच्या मनात एका माशाची धडकी बसली. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या माणसालाही शार्क म्हटले की पाणी कापीत येणारा त्रिकोणी पर दिसतो आणि मागे वाद्यांचा दबका ठेका ऐकू येतो. हे चित्र त्याला समुद्राने दिलेले नाही, चित्रपटाने दिलेले आहे. ते कसे घडले, त्याच्या आधी काय होते, आणि त्यापायी कोणाचे काय गेले, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे. विषय वरवर करमणुकीचा वाटेल. पण हिशेब मांडू लागलो, की तो तसा राहत नाही.

प्रथम जुना व्यवहार पाहू. हवाई बेटांतील कित्येक कुळांत शार्क हा पूर्वज मानला जाई. मेलेला आप्त शार्कच्या रूपाने परत येतो आणि कुळाचे रक्षण करतो, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्वालामुखीची देवी पेले हिचा भाऊ कामोहोआलीई हा तेथला शार्कदेव. आपल्या बाजूची साक्ष मार्को पोलोची आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो दक्षिण हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आला. मोत्यांसाठी बुड्या मारणारे लोक मोठ्या माशांना मंत्राने बांधून ठेवणारा मांत्रिक बरोबर नेतात आणि त्याला मिळकतीचा विसावा हिस्सा देतात, असे त्याने लिहून ठेवले. सिलोनच्या मोत्यांच्या व्यवसायात ही चाल इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकातही, टिकून होती. मंत्राने शार्कचे तोंड बांधले जाई की नाही हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. पाणबुड्याला धोका ठाऊक होता, आणि त्याच्यासाठी उत्पन्नाचा ठरलेला भाग बाजूला काढून तो पाण्यात उतरत होता, एवढे आपल्या कामाचे आहे. आपल्या कोकणपट्टीवर तर मुशी किंवा मोरी हे नाव ऐकून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. तेथे मोरी म्हटले की कालवण आठवते.

युरोपच्या मनातला शार्क याहून वेगळा होता, आणि त्याचे पहिले गाजलेले चित्र १७७८ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागले. चित्रकार जॉन सिंगल्टन कोपली. विषय खरा घडलेला: १७४९ साली हवानाच्या बंदरात पोहणाऱ्या ब्रूक वॉटसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलावर शार्कने हल्ला केला, त्याचा पाय गेला, सोबत्यांनी त्याला वाचविले. पुढे हा मुलगा मोठा व्यापारी झाला आणि १७९६ साली लंडनचा लॉर्ड मेयर झाला. चित्रात खालच्या बाजूला उघडा पडलेला पांढरा देह आहे, उजवीकडे आ वासलेला शार्क आहे आणि वर होडीत भाला उगारलेला माणूस आहे. कोपलीने शार्क जिवंत कधी पाहिला नसावा हे चित्रावरून उघड दिसते, कारण त्याने माशाला चक्क ओठ दिले आहेत. पुढच्या काळातल्या भयपटांची मांडणी मात्र या एकाच चौकटीत तयार झालेली दिसते: पाण्यात असहाय देह, खालून येणारा जबडा, वर शस्त्र घेतलेला पुरुष.

त्यानंतर बासष्ट वर्षांनी त्याच रॉयल अकॅडमीत टर्नरचे चित्र लागले. गुलामांची वाहतूक करणारे जहाज वादळाच्या तोंडाशी आहे, मेलेल्या आणि मरू घातलेल्या गुलामांना समुद्रात फेकले जात आहे, आणि लाटांत मासे त्या देहांवर तुटून पडत आहेत. त्या चित्रामागे १७८१ सालच्या झाँग जहाजाची हकिगत आहे, असे सामान्यतः मानतात. विम्याची रक्कम मिळावी म्हणून त्या जहाजावरून शंभराहून अधिक जिवंत माणसे समुद्रात लोटली गेली होती. अटलांटिकवरील गुलामांच्या जहाजांमागे शार्क चालत असत ही त्या काळच्या खलाशांना ठाऊक असलेली गोष्ट होती. शार्क जहाजामागे का येतो? कारण जहाजावरून रोज काही तरी खाली पडते. टर्नरच्या चित्रात मासा भयंकर आहे खरा, पण गुन्हेगार वर जहाजावर आहे. कोपली आणि टर्नर या दोघांनी शार्क दाखविण्याच्या दोन रीती घालून दिल्या. एकीत मासा हाच वैरी असतो. दुसरीत मासा माणसाच्या कृत्याचा साक्षीदार असतो. पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत पहिली रीत लोकांच्या डोळ्यांत भरली आणि दुसरी हळूहळू विसरली गेली, असे आमचे म्हणणे आहे.

या दोन चित्रांच्या काळापर्यंत समुद्र ही कामाची जागा होती. कोळी, खलाशी, पाणबुडे आणि सैनिक तेथे जात. हौसेने समुद्रात उतरण्याची चाल युरोपात अठराव्या शतकात वैद्यांच्या सल्ल्याने सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकात आगगाडीने ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. किनाऱ्यावर हॉटेले उठली, धक्के बांधले गेले, समुद्र सुट्टीची जागा झाला. सुट्टीवर आलेल्या माणसाची अपेक्षा असते की आपल्याला त्रास होऊ नये. समुद्राशी त्याचा कोणताही तह झालेला नसतो. त्याने फक्त खोलीचे भाडे भरलेले असते.

अमेरिकेत या नव्या संबंधाला पहिला मोठा तडा १९१६ च्या जुलैत गेला. त्यापूर्वी तेथील सुशिक्षित वर्गात असा समज होता की उत्तरेकडच्या थंड पाण्यात शार्क माणसाच्या वाटेस जात नाही. हर्मन ऑयलरिक्स या न्यूयॉर्कच्या धनिकाने १८९१ सालीच, असा हल्ला सिद्ध करणाऱ्यास पाचशे डॉलर देऊ केले होते. १९१६ च्या उन्हाळ्यात शहरांत कडक उकाडा होता आणि लहान मुलांत पोलिओची साथ होती, त्यामुळे न्यूजर्सीचा किनारा माणसांनी फुलला होता. १ जुलै ते १२ जुलै या बारा दिवसांत तेथे पाच जणांवर हल्ले झाले, चौघे मेले. शेवटचे हल्ले तर किनाऱ्यापासून आत असलेल्या मॅटावनच्या खाडीत झाले, जेथे मुले रोज डुंबत असत. वर्तमानपत्रांनी पहिली पाने भरली, खाडीत सुरुंग उडविले गेले, प्रश्न राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेला. तो शार्क एक होता की अनेक, आणि कोणत्या जातीचा होता, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. पण किनाऱ्यावरची सुट्टी, तिच्यावर चालणारा धंदा, आणि पाण्यातला मासा, हे पुढच्या भयपटाचे सारे साहित्य त्या बारा दिवसांत जमा झाले.

दुसरा प्रसंग युद्धातला. ३० जुलै १९४५ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेची 'इंडियानापोलिस' ही युद्धनौका जपानी पाणबुडीने बुडविली. काही दिवसांपूर्वीच तिने अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोचविले होते. नौका सुमारे बारा मिनिटांत बुडाली. तिच्यावरील सुमारे बाराशे माणसांपैकी तीनशेच्या आसपास तिच्याबरोबर गेली, बाकीची पाण्यात पडली, आणि शेवटी वाचली ती ३१६. यांतील बहुतेकांचे बळी तहानेने, उन्हाने, जखमांनी आणि खारे पाणी प्याल्याने गेले. काही शार्कने घेतले. चार दिवस ही माणसे पाण्यात का राहिली? कारण नौका ठरल्या वेळी बंदरात आली नाही, याची नौदलाच्या कचेऱ्यांत कोणी दखलच घेतली नाही. लोकांच्या स्मरणात मात्र ही घटना शार्कची म्हणून राहिली. कचेरीतल्या हयगयीला दात नसतात, म्हणून ती लक्षात राहत नाही.

चित्रपटाला समुद्राखालचे दृश्य प्रथम सापडले ते १९१४ च्या सुमारास. जॉन अर्नेस्ट विल्यमसन याने आपल्या वडिलांच्या कल्पनेतील लोखंडी नळीच्या टोकाला काचेची खोली बसविली आणि बहामा बेटांच्या स्वच्छ पाण्यात कॅमेरा उतरविला. त्याच्या त्या पहिल्या चित्रपटाचा कळस काय होता? स्वतः विल्यमसन सुरा घेऊन पाण्यात शिरतो आणि शार्कला मारतो. समुद्राच्या पोटात माणसाने पहिल्यांदा दिवा लावला, आणि त्या उजेडात त्याला प्रथम दाखवावीशी वाटली ती आपली शिकार. बेचाळीस वर्षांनी, १९५६ साली, कुस्तो आणि लुई माल यांच्या 'शांत जग' या फ्रेंच चित्रपटाला कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. समुद्रावर प्रेम करायला ज्याने जगाला शिकविले असे आपण म्हणतो, त्याचाच हा चित्रपट. त्यात जहाजाच्या पंख्याने व्हेलचे एक पिल्लू जखमी होते, रक्ताच्या वासाने शार्क येतात आणि त्या पिल्लाचे लचके तोडतात. ते पाहून खलाशी संतापतात, शार्कना ओढून डेकवर घेतात आणि कुऱ्हाडीने तोडतात. पिल्लाला जखमी करणारा पंखा त्यांच्याच जहाजाचा होता. टर्नरचे चित्र त्या डेकवर पुन्हा एकदा घडत होते. फक्त या वेळी जहाजावरच्यांना वाटत होते की न्याय आपण करीत आहोत.

आता 'जॉज' या चित्रपटाकडे येऊ. १९६४ साली लाँग आयलंडजवळ एका मच्छीमाराने सुमारे दोन हजार किलो वजनाचा पांढरा शार्क मारला. ती बातमी पीटर बेंचली या तरुण लेखकाच्या डोक्यात राहिली आणि दहा वर्षांनी, १९७४ साली, त्याची कादंबरी आली. तिच्यावरचा चित्रपट २० जून १९७५ रोजी अमेरिकेत चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकदम लागला. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग चित्रीकरणाच्या वेळी अवघा सत्तावीस वर्षांचा होता. कथा साधी आहे. अमिटी नावाचे एक बेट आहे, त्याची सारी कमाई उन्हाळ्यातल्या पाहुण्यांवर. शार्कने एका मुलीचा बळी घेतला आहे. पोलीस अधिकारी ब्रोडी किनारा बंद करू पाहतो, आणि नगराध्यक्ष ४ जुलैचा हंगाम बुडेल म्हणून त्याला अडवितो. आणखी बळी गेल्यावर ब्रोडी, हूपर हा शास्त्रज्ञ आणि क्विंट हा जुना शिकारी असे तिघे होडी घेऊन माशाच्या मागे निघतात.

या चित्रपटाच्या जन्मकथेत एक मौज आहे. बहुतेक समुद्रपट स्टुडिओच्या हौदात घेतले जात. स्पीलबर्गने हट्टाने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत, उघड्या अटलांटिक महासागरावर, चित्रीकरण केले. रॉबर्ट मॅटी या कारागिराने पंचवीस फुटी यांत्रिक शार्क बनविले होते. खाऱ्या पाण्यात ती यंत्रे वरचेवर बिघडली. पंचावन्न दिवसांचे ठरलेले काम एकशे एकोणसाठ दिवस चालले आणि खर्च दुपटीच्या वर गेला. शार्क चालेना, म्हणून दिग्दर्शकाने तो दाखवायचाच नाही असे ठरविले. त्याच्या जागी पाण्याच्या पातळीवरून पाहणारा कॅमेरा आला, पिवळी पिंपे आली आणि जॉन विल्यम्सची ती दोन स्वरांची धून आली. चित्रपट सुरू होऊन तासाहून अधिक वेळ जाईपर्यंत मासा नीट दिसतच नाही. म्हणजे प्रेक्षक ज्याला भ्याले ते पाणी होते. आत काय आहे हे न कळणारे, शांत, निळे पाणी. समुद्राने माणसाचे यंत्र मोडले आणि त्या मोडण्यातून चित्रपट उभा राहिला. समुद्रावर माणसाची सत्ता किती चालते याचे याहून प्रांजळ उत्तर पडद्यावरही मिळत नाही.

आणि खुद्द कथेत खलनायक कोण आहे? मासा भुकेला आहे, तो खातो. त्याला किनारा उघडा की बंद हे समजत नाही, नगराध्यक्षाला समजते. ज्यांनी इब्सेनचे १८८२ सालचे 'लोकशत्रू' हे नाटक वाचले आहे, किंवा सत्यजित राय यांचा त्यावरचा १९८९ चा 'गणशत्रू' पाहिला आहे, त्यांना हे नाते चटकन ओळखू येईल. तेथे स्नानगृहांचे पाणी दूषित आहे, डॉक्टर ते उघडकीस आणतो, आणि गावाचा धंदा बुडेल म्हणून नगराचा प्रमुख, जो त्याचा सख्खा भाऊ आहे, त्याचे तोंड दाबतो. 'जॉज'चा पूर्वार्ध हे नेमके तेच नाटक आहे. उत्तरार्धात क्विंट आपण 'इंडियानापोलिस'वर होतो ही हकिगत रात्री सांगतो, आणि तीतही वेळेवर मदत न धाडणारी कचेरी आहेच. म्हणजे चित्रपटाने दोन्ही रीती एकत्र आणल्या होत्या. शेवट मात्र पहिल्या रीतीचा झाला. कादंबरीत शार्क जखमांनी थकून, ब्रोडीपर्यंत येता येता मरतो आणि निमूटपणे तळाशी जातो. चित्रपटात त्याच्या तोंडातल्या हवेच्या टाकीवर गोळी बसते आणि त्याच्या चिंधड्या उडतात. चित्रपटगृहांत टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत नगराध्यक्षाचे काय झाले हे कोणी विचारीत नाही.

पुढे धंद्याने जे करायचे ते केले. १९७८, १९८३ आणि १९८७ साली त्याच चित्रपटाचे उत्तरभाग निघाले. शेवटच्यात शार्क एका कुटुंबाचा सूड घेण्यासाठी जणू बहामापर्यंत पाठलाग करतो. आपल्याला यात नवल वाटू नये. १९७६ च्या 'नागिन'मध्ये आपल्याकडचा साप हेच करीत होता. प्राण्याला सूडबुद्धी चिकटविली, की त्याला मारण्याचे पाप उरत नाही. आपल्या हिंदी पडद्यावरही १९९६ साली 'आतंक' आला आणि धर्मेंद्रने शार्कशी झुंज दिली. १९९९ च्या 'डीप ब्लू सी'मध्ये औषधासाठी शार्कचे मेंदू वाढविणारे शास्त्रज्ञ आहेत. २०१८ च्या 'मेग'मध्ये सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेला मेगॅलोडॉन समुद्राच्या तळातून वर येतो.

यांत दोन चित्रपट वेगळे काढावे लागतात. २००३ च्या 'ओपन वॉटर'मध्ये पर्यटकांना बुड्या मारण्यासाठी नेणारी नाव माणसे मोजताना चुकते आणि नवरा-बायको भर समुद्रात मागे राहतात. १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर खरोखर घडलेल्या घटनेवरून हे कथानक सुचले होते. त्यात शार्क खरे वापरले आहेत, आणि ते कसलाही डाव रचीत नाहीत. दोघांचा घात केला तो शिरगणतीच्या चुकीने. २०२४ च्या 'सीन नदीच्या खाली' या फ्रेंच चित्रपटात प्रदूषित महासागरातून बदलून आलेला शार्क पॅरिसच्या नदीत शिरतो, आणि पोहण्याची मोठी स्पर्धा रद्द करायला नगराची प्रमुख नकार देते. पन्नास वर्षांत किनारा बदलला, नगराध्यक्ष बदलला नाही! टर्नरची रीत मेलेली नाही, एवढा दिलासा यातून मिळतो.

परंतु समाजाने यांतून उचलले काय? किनाऱ्यांवर शार्कसाठी जाळी लावण्याची चाल 'जॉज'च्या आधीचीच आहे. सिडनीला ती १९३७ साली सुरू झाली, डरबनला १९५२ साली. ही जाळी किनारा पुरती बंद करीतही नाहीत. मासा बाजूने आणि खालून जाऊ शकतो. त्यांत कासवे आणि डॉल्फिनही मरतात. चित्रपटाने भय निर्माण केले असे म्हणणे म्हणूनच चुकीचे होईल. त्याने त्या भयाला एकच चेहरा दिला, आणि त्याला मारणे हाच उपाय असे मनावर ठसविले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हौशी शिकाऱ्यांना शार्क हे मानाचे सावज वाटू लागले. २०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने काही मृत्यूंनंतर आमिष लावलेले गळ समुद्रात टाकले. दीडशेहून अधिक शार्क त्यांना लागले. ज्याच्या भयाने हे केले, तो पांढरा शार्क त्यांत एकही नव्हता. पुढच्या वर्षी सिडनी विद्यापीठातील एका अभ्यासकाने या धोरणाची छाननी केली. शार्क मुद्दाम माणसाला शोधतो, त्याचा चावा म्हणजे मरणच, आणि त्याला मारल्याशिवाय सुटका नाही, या तीन चित्रपटी समजुतींवर राज्यकारभार चालला असल्याचे त्याने दाखविले.

आता आकडे पाहू. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत; माणसाला खरा धोका असलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. माणसाने डिवचलेले नसताना शार्क चावल्याच्या घटना साऱ्या जगात वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास नोंदल्या जातात आणि त्यांतील पाच-सहा माणसे दगावतात. उलट बाजूला, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार माणूस वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे खुल्या महासागरातील शार्क आणि त्यांच्या जवळच्या माशांची संख्या १९७० पासूनच्या पन्नास वर्षांत सुमारे एकाहत्तर टक्क्यांनी घटली. पांढऱ्या शार्कची मादी वयात यायला तीस वर्षांच्या आसपास लागतात आणि तिला पिल्ले थोडी होतात. असा प्राणी एकदा घटला की दोन पिढ्यांतही भरून येत नाही. या संहाराचे मुख्य कारण चित्रपट नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मैलोगणती लांब गळांच्या दोऱ्या, यांत्रिक जाळी आणि परांच्या सुपाचा बाजार यांनी ते काम केले. शार्क पकडणाऱ्या देशांच्या यादीत आपल्या देशाचे नावही बरेच वर आहे. परांची निर्यात आपण २०१५ साली बंद केली. चित्रपटाची जबाबदारी निराळी आहे. वाघ मरतो तेव्हा कोणी तरी हळहळते. शार्क मरत असता हळहळणारे कोणी उरू नये, अशी मनाची मशागत पडद्याने करून ठेवली होती.

बेंचलीला हे उमगले. समुद्राविषयी ज्ञान वाढल्यावर, अशी कादंबरी आता आपल्या हातून लिहिली जाणार नाही असे त्याने उघडपणे सांगितले, आणि २००६ साली मरण पावेपर्यंत तो समुद्राच्या रक्षणासाठी लिहीत-बोलत राहिला. स्पीलबर्गनेही २०२२ साली बी.बी.सी.वरील मुलाखतीत, शार्कच्या संहारात आपल्या चित्रपटाचा वाटा असल्याबद्दल खेद व्यक्त केला. दक्षिण आफ्रिकेने १९९१ साली पांढऱ्या शार्कला कायद्याचे संरक्षण दिले. पुढे इतर देशांनी तोच मार्ग धरला.

या हिशेबात जमेची एक मोठी बाब आपल्या देशात आहे, आणि तीही चित्रपटामुळेच घडलेली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो. हा जगातला सर्वांत मोठा मासा असून तो बारीक जीव गाळून खातो आणि माणसाला काही करीत नाही. त्याच्या यकृताचे तेल मच्छीमार होड्यांना लावीत. पुढे त्याच्या मांसाला परदेशात भाव आला आणि वर्षाला शेकडो मासे मारले जाऊ लागले. शिकारीची रीत अशी होती की मोठा गळ अडकवायचा, त्याला रिकामी पिंपे बांधायची, आणि पिंपांमुळे मासा खाली जाऊ न शकता थकला की ओढून आणायचा. म्हणून त्या माशाचे तिथले नावच 'बॅरल' पडले होते. 'जॉज'मध्ये क्विंट नेमके हेच करतो. पडद्यावर जे थरारक वाटले, ते येथे रोजचे काम होते. २००० साली माइक पांडे यांनी या शिकारीवर माहितीपट केला. त्यात भयाचा लवलेश नव्हता. किनाऱ्यावर तोडला जाणारा एक निरुपद्रवी, प्रचंड देह होता. २००१ साली व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. आपल्या देशात कायद्याने असे अभय मिळालेला तो पहिला मासा.

पण नुसत्या कायद्याने कोळ्याचे मन वळत नाही. २००४ साली कथाकार मोरारीबापू यांनी किनाऱ्यावरच्या लोकांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. त्याचे नाव 'व्हाली', म्हणजे लाडकी, असे पडले. माहेरी आलेल्या लेकीवर गळ कोण टाकील? त्यानंतर जाळ्यात सापडलेले शेकडो व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून सोडून दिले. फाटलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची तजवीज वनखात्याने केली, हेही येथे नमूद केले पाहिजे; पुण्य करणाऱ्याचे पोट उपाशी राहू नये. मार्को पोलोच्या पाणबुड्यांनी विसावा हिस्सा बाजूला काढून जो तह केला होता, तसाच हा तह आहे. माणसाने आपला थोडा तोटा पत्करला आणि समुद्राचे त्याला दिले.

यावरून भयपट वाईट आणि माहितीपट चांगले असा सोपा निकाल आम्हांला काढावयाचा नाही. भय ही माणसाची जुनी गरज आहे. समुद्रासमोर ज्याला भय वाटत नाही, तो एक तर अनुभवी आहे किंवा मूर्ख. 'जॉज' हा उत्तम चित्रपट आहे आणि तो पुन्हा पाहावा. मात्र पाहताना नजर थोडी हलवावी. पाण्यातला पर दिसला की आपण सारे त्याच्याकडे पाहू लागतो. त्याच वेळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांकडेही पाहावे. किनारा उघडा कोणी ठेवला, नौका परत आली नाही याची नोंद कोणी घेतली नाही, डोकी मोजायला कोण चुकला, समुद्रात काय टाकले गेले, हे प्रश्न त्या चित्रपटांतच विचारलेले आहेत. आपला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा आहे. त्यावर रोज शहरांचे सांडपाणी पडते, भर घातली जाते, आणि यांत्रिक जाळ्यांनी खरवडलेल्या पाण्यातून मच्छीमार रिकाम्या हातांनी परततो. या किनाऱ्यावर शार्कच्या भयाने कोणाची झोप उडालेली नाही. ज्याने ती उडावी, त्याचा पर पाण्यावर दिसत नाही आणि तो येताना वाद्येही वाजत नाहीत. ते ओळखण्याचे काम नागरिकांनीच करावयाचे आहे.